दोघांत एक ई-मेल

व्हर्ना होलोवाचला लोक अजूनही 'कोर्टातली व्हर्ना' म्हणतात. कोर्टाची खिडकी बंद होऊन आठ वर्षं झाली, त्या इमारतीत आता कुत्र्यांचे केस कापतात, तरी नाव काही सुटलं नाही. बावीस वर्षं ती त्या खिडकीमागे बसली. घटस्फोट, मुलांचा ताबा, बांधावरची भांडणं, अख्ख्या विलो क्रॉसिंग गावाची लक्तरं तिच्या हातांखालून गेली आणि तिच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नाही. मग सरकारने ठरवलं, की हे सगळं लोक यापुढे घरबसल्या संगणकावर करतील. ठरवणारे दूर राजधानीत, विनिपेगमध्ये बसतात. इथल्या निम्म्या लोकांना संगणक म्हणजे हवामान बघायचं यंत्र वाटतं, हे त्यांना कोण सांगणार?

तेव्हा आता मंगळवारी आणि गुरुवारी व्हर्ना वाचनालयाच्या कोपऱ्यात, पाककृतींच्या पुस्तकांशेजारी एक टेबल मांडून बसते आणि लोकांचे कोर्टाचे अर्ज त्या संकेतस्थळावर भरून देते. वय एकसष्ट. डोळे चारनंतर साथ देत नाहीत, मान अवघडते. थकवा असा, की झोपून उठलं तरी तो आधी उठून बसलेला असतो. सोडून का देत नाहीस, असं बहीण विचारते. व्हर्ना म्हणते, मग यांचे अर्ज कोण भरणार, तू?

तिची एक खोड आहे. माहितीचं काय होतं ते सांगणारं पान त्या संकेतस्थळावर आहे. कुणी ते वाचत नाही, सगळे खाली जाऊन 'मान्य' दाबतात. व्हर्ना ते प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवते. तुमचं नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता फक्त या अर्जासाठी वापरला जाईल. समोरच्या पक्षापासून पत्ता लपवायचा असेल तर इथे खूण करा. दुसऱ्या कुणाला तुमच्या खात्याबद्दल काहीही सांगितलं जाणार नाही.

"व्हर्ना, बाई माझे, दाब ते बटण," म्हातारा एल्मर व्हीब परवाच कळवळून म्हणाला. "या गावात माझं काय लपून राहिलंय?"

"तुझं नसेल. तुझ्या सुनेचं असेल. गप ऐक."

लोक आपली माहिती चिठ्ठ्यांवर लिहून आणतात. टेबल आवरताना ती त्या चिठ्ठ्यांचे बारीक तुकडे करते आणि कॉफीच्या ओल्या चोथ्यात कालवून टाकते. वाचनालयाचा तसा नियम आहे, पण चोथा व्हर्नाचा स्वतःचा. त्याचा तिला अभिमानही आहे.

मार्चमधल्या त्या मंगळवारी, बर्फाचा चिखल होऊ लागला होता तेव्हा, ट्रूडी पेनर आली. वय चव्वेचाळीसच्या आसपास, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, हात गरम पाण्याने लाल झालेले. पाच महिन्यांपूर्वी ती नवऱ्याला, ग्लेनला सोडून निघाली होती. कुठे राहते ते त्याला माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहायला हवं होतं.

"पोलिसांना सांगितलंस?" व्हर्नाने विचारलं.

"सांगितलं. म्हणाले, आत्ता काही केलंय का त्याने? केलं की फोन करा." ट्रूडी हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "त्याला कळणार नाही ना, मी कुठे आहे ते?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "पत्ता लपवायची सोय आहे."

चारच्या पुढे वाजले होते. त्या दिवशीचा हा सातवा अर्ज. व्हर्नाने पान वाचून दाखवलं, पत्ता लपवण्याच्या चौकटीत खूण केली, ती खरोखर उमटली की नाही ते दोनदा पाहिलं. लार्चफील्ड, तिसरा रस्ता, घर क्रमांक अठरा, तळघर. मग तिने ई-मेल विचारला. ट्रूडीने सांगितला, व्हर्नाने दोन बोटांनी टाइप केला. मेलवर खात्रीचा आकडा आला, ट्रूडीने आपल्या फोनवरून तो वाचला, खातं उघडलं.

"झालं," व्हर्ना म्हणाली. ट्रूडीने तिचा हात दाबला आणि गेली. व्हर्नाने चिठ्ठी फाडली, चोथ्यात कालवली.

बुधवारी तिला सुट्टी असते. सकाळी नऊला ती स्वयंपाकघरात चहा पीत बसली होती. डोळ्यांच्या दवाखान्याचा फोन आला. तारीख पुढे गेलीय, नवी कुठे पाठवू, ई-मेल काय? तिने सवयीने सांगितला, "ऑर्व्हिल अँड व्हर्ना, सगळं जोडून, लहान अक्षरांत."

ऑर्व्हिलला, तिच्या नवऱ्याला, जाऊन सहा वर्षं झाली होती.

या भागात असंच आहे. पोस्टात एका घराची एक पेटी, तशी नवराबायकोत एक ई-मेल. लग्न झालं की दोघांच्या नावाचा काढायचा, संकेतशब्द फ्रिजवर चिकटवायचा. एल्मरचा असाच. चर्चच्या पास्टरचासुद्धा. व्हर्नाने फोन ठेवला आणि चहा बाजूला सारला. काल तिने स्वतः टाइप केलं होतं: ग्लेन अँड ट्रूडी. तिची बोटं अडखळलीसुद्धा नाहीत, कारण गावात असा ई-मेल बघून कुणाचीच अडखळत नाहीत.

सरकारचा मेल साधाच असतो. 'आपलं खातं उघडलं आहे', एवढंच. नाव नाही, गाव नाही, कशाबद्दल ते नाही. सरकारने आपल्या परीने चोख काम केलं होतं. पण ज्याच्या हातात तो मेल, त्याने 'संकेतशब्द विसरलो' दाबलं की नवा संकेतशब्द त्याच्याच हातात. आत सगळं लिहिलेलं, पत्तासुद्धा. लपवायची खूण होती ती कोर्टाच्या कागदांसाठी, आतल्या पानासाठी नव्हे.

तिने मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक तरुण, गोड आवाज आला.

"मॅडम, ते खातं तुमचं आहे का?"

"नाही. पण मीच भरून दिलं. त्याचा ई-मेल ताबडतोब बंद करा, तो नवऱ्यालाही उघडतो."

"माफ करा, दुसऱ्याच्या खात्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. असं खातं आहे की नाही, हेसुद्धा सांगू शकत नाही."

"अगं बाई, मला काही सांगू नकोस! फक्त ऐक, आणि बंद कर!"

"मी नोंद करून घेते. दोन दिवसांत आमचे लोक बघतील. खातेदाराने स्वतः फोन केला तर लगेच होईल."

व्हर्नाला त्या पोरीवर ओरडता येईना. पोरीचं चुकत नव्हतं. खिडकीमागे बसून तिने स्वतः शेकडो लोकांना हेच सांगितलं होतं, असल्याच गोड आवाजात. आणि खातेदाराला फोन करायला सांगायचं, तर तिचा नंबर काल चोथ्यात गेला होता.

पत्ता तेवढा डोक्यात होता. टेबलावर जे कळलं ते टेबलावरच सोडायचं, हे व्रत तिने आयुष्यभर पाळलं होतं. कुणाच्या दाराशी ती कधी गेली नव्हती. ती पाच मिनिटं बूट हातात घेऊन बसली, आणि मग गेली.

लार्चफील्ड पन्नास किलोमीटर. गाडी चिखलात सरकत होती. मान दुखत होती, आणि राहूनराहून रडू येत होतं, ते ट्रूडीसाठी की स्वतःच्या थकव्यासाठी, ते तिला कळेना.

ट्रूडीने दार फटीएवढंच उघडलं. अंगावर कामाचा एप्रन होता, दुपारच्या पाळीला निघायची तयारी. व्हर्नाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्हाला कसं कळलं मी इथे राहते?"

"कालच्या अर्जातून," व्हर्ना म्हणाली. "ट्रूडी, तो ई-मेल ग्लेनही उघडतो का?"

ट्रूडीला एकदम समजलं नाही. मग समजलं. "तो मेल कधी बघतच नाही," ती पुटपुटली. "बिलं मीच बघायचे. घरच्या संगणकावर उघडाच असतो तो, पण ग्लेन..."

तिने फोनवर खातं उघडायचा प्रयत्न केला. संकेतशब्द चुकीचा. पुन्हा केला, पुन्हा चुकीचा. मग मेलमध्ये पाहिलं. एक ओळ होती, आधीच कुणीतरी वाचलेली: 'आपला संकेतशब्द आज सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी बदलण्यात आला.'

ट्रूडीने फोन एप्रनच्या खिशात टाकला. तळघराच्या खिडकीत अंड्यांच्या खोक्यात टोमॅटोची रोपं उगवली होती.

"तो धान्याच्या कोठारावर कामाला आहे," ट्रूडी अखेर म्हणाली. आवाज अगदी सपाट. "चारशिवाय सुटत नाही."

बारा वाजून गेले होते. व्हर्नाने आधी तिला मदतीच्या क्रमांकावर बोलायला लावलं. या खेपेला खातं पाच मिनिटांत गोठलं. मग पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, संध्याकाळी एक गाडी फिरवून आणू. मग दोघी सामान भरायला लागल्या. दोन बॅगा, एक उशी, भांड्यांचं खोकं. पाच महिन्यांचा संसार तेवढाच होता.

"मी चुकले," व्हर्ना म्हणाली. "मला दिसायला हवं होतं. अख्खं पान वाचून दाखवलं तुला, आणि ई-मेलमधली दोन नावं दिसली नाहीत."

ट्रूडीने बॅगेची चेन ओढली. तिने 'जाऊ द्या' म्हटलं नाही. "मीच सांगितला होता तो," एवढंच म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "इथे मला झोप लागायची, व्हर्ना."

व्हर्नाने रोपांचं खोकं उचललं. ट्रूडीने नको म्हणून मान हलवली, तसं तिने ते परत ठेवलं.

दोघी सामान घेऊन लार्चफील्डच्या चर्चमागच्या आवारात येऊन थांबल्या, आणि दोनला ट्रूडीने बोलावलेली कामावरची एक मैत्रीण गाडी घेऊन आली. बॅगा गाडीत चढवल्या. ट्रूडी व्हर्नाजवळ येऊन उभी राहिली. जिला आता कुणीच नाही, ती समोर असलेल्याला सांगूनच टाकते, तशी म्हणाली, "मी आता हिच्या आत्याकडे, म्हणजे त्या..."

"नको!" व्हर्ना जवळजवळ ओरडलीच. "मला नको सांगूस, ट्रूडी."

ट्रूडीने मान डोलावली आणि गाडीत बसली.

आवारातून दोन रस्ते फुटतात, एक उत्तरेला, एक पूर्वेला. इंजिन सुरू झालं तशी व्हर्ना चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गाडी कुठल्या वाटेने वळते ते ऐकूही येऊ नये म्हणून तिने दोन्ही कानांवर हात गच्च दाबून धरले, आणि म्हातारं माणूस जसं मोजतं तसं, सावकाश, शंभरपर्यंत मोजलं.