कळ कुणाला कळत नसते

आमच्या शिंप्याच्या दुकानावर ‘अलंकार टेलर्स’ अशी पाटी. नवखी बाई हटकून आत डोकावायची आणि बांगड्या विचारायची. हा वर म्हणणार, "बांगड्या संपल्या ताई, अनुप्रास शिल्लक आहे. दाखवू?"

आम्ही दोघं शाळेत एकाच बाकावर. गुरुजींनी यमक नि श्लेष दोघांनाही छडीनेच शिकवले. माझ्या तळहातावरून ते उतरले, याच्या डोक्यात राहिले. पुढे हातात कात्री आली, तरी कान रेडिओकडे. गाणं लागलं की मशीनवरचा पाय थांबलाच. "ही नदी नव्हे रे, घर सोडून निघालेली बाई आहे!" आणि गिऱ्हाईक आपलं मापासाठी हात पसरून उभं! पण ऐकायला मजा यायची, खोटं कशाला बोलू? मी तर धडधाकट सदऱ्याचं बटण तोडून जायचो.

त्याची बायको, आमच्या वहिनी, मागे स्टुलावर बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या. बोलणं बेताचं, गुणगुणणं फार. चाल रेडिओची, शब्द स्वतःचे. एकदा त्या म्हणाल्या,

"कळ उठते, कळ बसते,
कळ कुणाला कळत नसते."

हा उडालाच. "वा! ऐकलंस? कळ वेगळी, कळणं वेगळं! यमक आहे, श्लेष नव्हे बरं का!"

"अहो, पोटात कळ येते माझ्या."

"येणारच! पोटातून आल्याशिवाय कविता होते का?"

गिऱ्हाइकं हसली. वहिनीही हसल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

पुढे कितीतरी दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दोन ओळी ऐकवत होता. कळ म्हणजे माहेरची आठवण, असा गूढ अर्थही त्याने काढला. मग एका दुपारी वहिनी स्टुलावरून खाली कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, दुखणं पोटभर पसरलंय, फार उशीर केलात.

खाटेशी वाकून त्याने विचारलं, "अगं, सांगायचं नाहीस?"

"दोनदा सांगितलं की," वहिनी म्हणाल्या. "एकदा चालीवर, एकदा साधं."

त्या गेल्या. रेडिओ अजून लागतो, पण मशीन थांबत नाही. मला राहवेना. बटण तोडलं आणि मुद्दाम गुणगुणत आत शिरलो, "काळजाला भोक पडलं, कोण लावी ठिगळ." म्हटलं, "सांग बघू, काय दडलंय यात?"

त्याने कात्री ठेवली. माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "दुखतंय का रे इथे?"

"अरे बाबा, गाणं आहे ते!"

"असू दे. दुखतंय का, ते सांग."

बटण मात्र त्याने लावून दिलं. ते काम वहिनींचं, याच्या हाताला सवय नाही. वाकडंच बसलंय. मी ते तसंच ठेवलंय.