आप्पांच्या चष्म्याची खालची काच

“डावीकडची खालची काच काळी पडलीय,” म्हणत आप्पांनी चष्मा माझ्या काउंटरवर आपटला. “आठ दिस झालं न्हाईत घेऊन. फसवायला बसलाय का, सलीमभाई?”

आप्पा म्हणजे वडगाव रासाईच्या दूध सोसायटीचे चेअरमन. वय छप्पन्न, शुगर आणि बीपी दोन्ही. शिरूरच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढायचा, काच घासून फ्रेमला बसवायची, हे तेव्हा मी तीस वर्षं करत होतो. आप्पांचा चष्मा बायफोकल, म्हणजे एकाच काचेत दोन नंबर. वरून लांबचं बघायचं, खालच्या चंद्रकोरीतून वाचायचं. खालचं दिसत नाही म्हटल्यावर कुणालाही वाटेल, चंद्रकोरच बिघडली.

काच अशी काळी पडत नसते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण माणूस चेअरमन, दुकानात चार लोक बसलेले. वाद नको म्हणून मी गुमान डावी काच बदलून दिली. चूक माझी.

चौथ्या दिवशी आप्पा परत हजर. “तसंच हाय.”

आता मात्र मी म्हणालो, “चष्मा काढा. उजवा डोळा झाका. माझ्या तोंडाकडं बघा. काय दिसतं?”

“टोपी दिसती. कपाळ दिसतं.” त्यांनी मान पुढं काढली. “दाढी न्हाई दिसत.”

चष्मा डोळ्यावर नाही आणि तरी दाढी दिसत नाही. बिघाड डोळ्यातच होता. दुखत नव्हतं. एके दिवशी सकाळी उठले ते असेच, म्हणाले. मी दुकान बंद केलं आणि त्यांच्याच जीपमधून त्यांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरबाईंनी थेंब घालून आत पाहिलं. डोळ्यामागून मेंदूकडं जाणारी नस सुजली होती, तिला रक्त पोचलं नव्हतं. “गेलेलं परत येईल अशी फार आशा धरू नका,” त्या म्हणाल्या. “आता दुसरा डोळा जपायचा. गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

“शुगरची आन् बीपीची.”

“शरीरसंबंधांसाठी एखादी घेता का?”

आप्पा ताडकन उभे राहिले. “मी चेअरमन हाय, बाई.”

परतताना लोणीकंदला चहाला थांबलो. ड्रायव्हर टायर बघत होता. आप्पा खाली बघत बोलले, “बाई इचारत हुत्या ती गोळी. चार म्हैने झालं. तुमच्या शेजारचा मेडिकलवाला नंदूशेठ कागदात बांधून देतो.”

“शेवटची कधी घेतली?”

“तुम्ही काच बदललीत, त्याच दिवशी.”

मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर ती गोळी पोटात गेली नसती. दुसरा डोळाही जायचा होता की काय!

“जीप फिरवा,” मी म्हणालो.

“बाईमाणसापुढं सांगू? त्यापरीस डोळा गेलेला बरा.”

“जाऊ द्या मग. उद्या सोसायटीत सही कुठं करायची ते तुमचं बोट धरून कुणीतरी दाखवेल. मी येणार नाही.” एवढ्या मोठ्यांदा मी आप्पांशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी शिव्या घातल्या, पण जीप फिरली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “गोळीनंच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. शुगर-बीपीनंही होतं. पण ही गोळी घेणाऱ्यांत असं झाल्याच्या नोंदी आहेत. तुम्ही आता ती पुन्हा घ्यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी मी नंदूशेठला गाठून बाईंचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, “पुरावा काय? डॉक्टरच म्हणतात शुगरनं असंल. तुम्ही चष्मे विका.”

“मग शुगरवाल्याला चिठ्ठीशिवाय पुडी कशी दिलीत?”

“बाजारात राहायचंय ना, सलीमभाई?”

“तीस वर्षं राहिलोय. पुढंही राहीन.”

तसाच दुकानात आलो आणि बोर्ड रंगवला. ‘ताकदीची गोळी घेता आणि नजर अचानक गेली? गोळी थांबवा. डॉक्टरला खरं सांगा. लाजू नका.’ पोरं मला गोळीवाले चाचा म्हणायला लागली. म्हणू देत.

आठवड्यानं तिघं व्यापारी आले. बायाबापड्या बाजारात येतात, बोर्ड काढा म्हणाले. मी नाही म्हणालो. एकानं हात घातलाच, तेव्हा आत बसलेले आप्पा उठून दारात आले.

“बोर्ड माझ्यामुळं लागलाय. गोळी मी खाल्ली. कुणाला हसायचं आसंल तर हितंच हसा, माझ्या तोंडावर.”

कुणी हसलं नाही. दोघं निघून गेले. बोर्डाला हात घालणारा मात्र मागं रेंगाळला आणि आप्पा गेल्यावर हळूच म्हणाला, “माझं जरा बघता का?” त्याला स्टुलावर बसवून मी आधी गोळी विचारली, नंबर नंतर काढला.

आप्पांचा उजवा डोळा टिकला. चाळिशीपुढच्या प्रत्येक पुरुषाला मी आता तो प्रश्न विचारतो. काहीजण रागावून उठून जातात. खुशाल जा. रागावलेलं गिऱ्हाईक महिन्या-दोन महिन्यांनी परत येतं. आप्पांच्या डाव्या डोळ्याची खालची अर्धी नजर अजून आलेली नाही.