कुसाबाईंचा खालचा आवाज

नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत बारसं ठरलं की मांडववाल्याच्या आधी कुसाबाईंना आवतण जायचं. पाळणा म्हणावा तो त्यांनीच! गळा असा खणखणीत, की चौकातल्या ट्रकांचे हॉर्न फिके पडावेत. ऐंशी गाठली तरी आवाज तस्साच. कुणी माइक पुढे केलाच तर म्हणायच्या, "ठेव तिकडं, मला नाय लागत त्यो."

तर अशा बाईच्या घरी पणतीचं बारसं निघालं. नातू योगेश स्कॉटलंडला नोकरीला, बायकोही तिथलीच केलेली, कर्स्टी. पाच महिन्यांची पोर आणि कर्स्टीची आई मोराग यांना घेऊन दोघं महिनाभरासाठी नाशिकला आले. कुसाबाईंच्या मनात एकच होतं: पोर परत जायच्या आत एकदा तरी आपल्या मांडीवर, आपल्या गाण्यानं झोपली पाहिजे. पुढच्या खेपेला आपण असू, नसू.

बारशाला पाळणा फुलांनी सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. कुसाबाईंनी पहिलं कडवं लावलं मात्र, पोरीनं जे भोकाड पसरलं म्हणता! कुसाबाई कसल्या हटतात? त्यांनी आवाज चढवला. पोरीनंही चढवला. शेवटी मोरागनं तिला उचलून गॅलरीत नेलं, छातीशी धरून काहीतरी गुणगुणली, आणि पोर गाढ झोपली.

कुसाबाईंचं तोंड एवढंसं झालं. धड जेवल्याही नाहीत. त्यांचा साठीतला मुलगा रंगनाथ हसत म्हणाला, "आई, पाळणा बारशात म्हणायचा, चार बायका जमवून. झोपवायला अंगाई लागते. तुला येते का एक तरी?"

खरंच येत नव्हती. तरुणपणी त्या सदा कुणाच्या तरी बारशाला गळा लावायला गेलेल्या, आणि इकडे रंग्याला शेजारच्या यशोदाबाई थोपटून झोपवायच्या. आजवर हे कधी टोचलं नव्हतं. आता फार टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मोरागपुढे जाऊन बसल्या. "विहीणबाई, शिकवा मला." मोरागला शब्द कळले नाहीत, पण मतलब बरोबर कळला. ती गायली. योगेशनं सांगितलं, "त्यांच्या कोळ्यांच्या गावातलं आहे, आजी. बाबा होडी घेऊन मासे धरायला गेलाय, भरती आली की येईल, तू झोप."

"हॅट! आपल्याकडं कुठला रं समुद्र?" कुसाबाई म्हणाल्या. चाल ठेवली, समुद्र काढून टाकला. त्यांचा नवरा कांदा घेऊन लासलगावला जायचा आणि येताना चुरमुऱ्या-शेवेचा भत्ता आणायचा, तेच गाण्यात घातलं:

बाबा गेला लासलगावा, कांद्यानं भरून गाडी,
लिलाव उरकून येईल आता, आणील भत्त्याची पुडी.

शब्द जमले, पण आवाज काही खाली येईना. दुसऱ्या ओळीला बारसं सुरू! पोरीचे ओठ वाकडे झाले की मोराग कुसाबाईंच्या मनगटावर हलकेच थोपटायची. मग दोघी म्हाताऱ्या तोंडाला पदर आणि ओढणी लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. बदल्यात कुसाबाईंनी तिला पाळणा शिकवला. मोरागनं तो असा दणक्यात म्हटला, की खालचा रिक्षावाला मान वर करून बघत राहिला.

बघता बघता महिना सरला. निघायच्या संध्याकाळी हॉलमध्ये बॅगा भरून उभ्या होत्या. कुसाबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं. सगळे भोवती बसले. आज मोरागचा हात तिच्या स्वतःच्या मांडीवरच होता, कुसाबाईंच्या मनगटावर नाही.

कुसाबाई गायल्या. इतकं हळू, की त्यांचा त्यांनाच आवाज ओळखू येईना. बाबा लासलगावला गेला, कांदा विकला गेला, गाडी परत फिरली. पोरीनं मोठी जांभई दिली, पदर मुठीत धरला आणि झोपली.

कुसाबाईंना इतका आनंद झाला, की ओरडून गल्ली गोळा करावीशी वाटली. पण ओरडायची सोय कुठे होती? त्या नुसत्याच हसल्या आणि गायच्या थांबल्या.

"आये, थांबू नको ना."

त्यांनी खाली पाहिलं. रंगनाथ सतरंजीवर आडवा होऊन, त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याला डोकं टेकून डोळे मिटून पडला होता. आये म्हणणं त्यानं शाळेत असतानाच सोडलं होतं.

कुसाबाईंनी त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.