ओवाळणीतला लॅपटॉप

ताईला यंदा भाऊबीजेला लॅपटॉप द्यायचा, हे मी गणपतीतच ठरवलं होतं. आणि तिला आधी अजिबात सांगायचं नाही, हेही. मुलुंडला तिच्या घरी त्या दिवशी सगळी चुलत-मावस मंडळी जमतात. त्यांच्यासमोर मी ताटात पाकीट नाही, थेट लॅपटॉप ठेवणार होतो. तो ताटात नीट बसायला हवा होता. आता सांगायची लाज वाटते, पण स्लिमच हवा, या माझ्या हट्टाचं मूळ तेवढंच होतं.

बाकी अभ्यास मी कसून केला. महिनाभर जेवताना व्हिडिओ पाहिले. बॅटरी किती तास चालते, बिजागरी टिकते का, वर्षभराने तक्रारी काय येतात. ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाचं डोकं खाल्लं. बजेट बेताचं, त्यामुळे प्रत्येक मॉडेलमध्ये काही ना काही सोडावं लागत होतं, आणि काय सोडायचं हे मी मोठ्या अकलेने ठरवत होतो. बोरिवलीच्या दुकानातल्या सेल्समनने मात्र एक साधा प्रश्न विचारला.

"मॅडम काम काय करतात? आकडे फार टाकायचे असतील तर हा नका घेऊ. ह्याला उजवीकडे नंबरची वेगळी बटणं नाहीत. हा जाडा आहे ना, ह्याला आहेत."

ताई एका पॅथॉलॉजी लॅबचं काम घरून करते, एवढं मला माहीत होतं. काम म्हणजे नेमकं काय, हे अकरा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. "नाही हो, टायपिंग वगैरे," मी ठोकून दिलं. जाडा लॅपटॉप ताटाबाहेर गेला असता.

भाऊबीज झकास झाली. ताईने ओवाळलं, मी लॅपटॉप ठेवला, काकू डोळे पुसत म्हणाली, "भाऊ असावा तर असा." संध्याकाळी तिच्या फायली नव्यात टाकून दिल्या आणि जुना लॅपटॉप पिशवीत भरला.

"तो राहू दे ना रे," ताई म्हणाली.

"हे भंगार कशाला हवंय? एक्स्चेंजमध्ये देतोय, दुकानात सांगून आलोय." मी ऐकलं नाही.

फेब्रुवारीत कांजूरमार्गचं एक काम लवकर आटपलं, म्हणून न कळवता मुलुंडला गेलो. बेल वाजवल्यावर ताईने आतून "कोण?" विचारलं, पण माझा आवाज ऐकूनही दार उघडायला जरा वेळ लावला. मी दिलेला लॅपटॉप टीपॉयवर उघडा होता. मी नेहमीसारखा सोफ्यावर धपकन बसलो. तशी स्क्रीनवर कोणाच्या तरी हिमोग्लोबिनच्या रकान्यात पाच, पाच, पाच, पाच अशी रांगच लागली.

"ऊठ रे जरा," ताई म्हणाली. माझ्या बुडाखालच्या उशीखाली हात घालून तिने एक तळहाताएवढी, बिनवायरची वस्तू काढली. नुसती आकड्यांची बटणं. मी आलो की ताई ती लपवून ठेवायची.

मग एकेक बाहेर आलं. ती दिवसभर आकडेच टाकते. साखर, प्लेटलेट, क्रिएटिनिन. पैसे रिपोर्टमागे मिळतात. जुन्या लॅपटॉपला नंबरची वेगळी बटणं होती; नव्यावर वरच्या ओळीतले आकडे शोधताना तिचा वेग निम्म्यावर आला. एकदा कोणाची तरी साखर चुकीची टाकली गेली. लॅबच्या डॉक्टरांनी वेळेत पकडली, पण महिनाभर तिचं काम दुसऱ्या बाईला दिलं. ते परत मिळवायला तिला दोनदा जाऊन विनवावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला सांगायचंस ना मग," मी म्हणालो, तेही आवाज चढवून. चूक माझी असली की माझा आवाज चढतो.

"ओवाळणीत आलेली वस्तू आहे ती. तिला काय नावं ठेवू? आणि तू कसला खूश होतास त्या दिवशी." मग थांबून तिने सहज विचारलं, "पण दुकानात कोणी विचारलं नाही का रे, ही काम काय करते म्हणून?"

तो सेल्समन मला लख्ख आठवला. जाड्या लॅपटॉपवर ठेवलेला त्याचा हातसुद्धा.

"नाही," मी म्हणालो. "कोणीच नाही विचारलं."

"जाऊ दे. ह्या लोकांना नुसता माल खपवायचा असतो. तुझी काय चूक त्यात?" तिने माझ्या पाठीवर थोपटलं आणि ते सगळे पाच खोडायला बसली.