कारखान्याचं गेट

तरुण मुलं गाडी बेदरकारपणे का चालवतात, हा माझ्या नोकरीचा विषय आहे. एखाद्या लग्नात कुणी विचारलं, काय करतेस, तर मी एवढंच सांगते, आणि समोरचा लगेच उत्तर देऊन मोकळा होतो. मस्ती, मोबाइल, आईबापांचे लाड. दिल्लीत या विषयावर प्रत्येकाचं मत तयार असतं.

मध्यंतरी दिल्लीजवळच्या मानेसरला एक अभ्यास केला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मोटारसायकलवरून येणारे तरुण कामगार निवडले आणि त्यांच्या गाड्यांना वेग नोंदवणारं छोटं यंत्र बसवलं. नोंदी बघायला घेतल्या तेव्हा वाटलं, यंत्रंच बिघडली. तीच मुलं, तोच रस्ता; संध्याकाळी घरी जाताना रमतगमत, सकाळी मात्र जिवावर उदार होऊन. विचारलं तर सगळ्यांनी एकच कारण सांगितलं. पाळी सुरू झाली की गेट बंद होतं, मग त्या दिवसाची हजेरी गेली. आणि अलीकडच्या चौकात कंपन्यांच्या बसेस अडकल्या की किती वेळ जाईल, याचा नेम नाही.

मला चक्क आनंद झाला. स्वभाव बदलणं अवघड; गेट थोडा वेळ जास्त उघडं ठेवायला काय लागतं, असं वाटलं.

कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कार्यालयात या अभ्यासावर बैठक झाली. मी सकाळ-संध्याकाळचे आलेख दाखवले. अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बहुत अच्छा काम है, मॅडम. लेकिन यूथ का माइंडसेट बदलना पड़ेगा ना."

"सर, शाम को तो वही लड़के ठीक चलाते हैं," मी म्हटलं.

"बिल्कुल. इसीलिए जागरूकता चाहिए."

चहा आला. कप उचलेपर्यंत शाळांसाठी पोस्टर स्पर्धा ठरली होती आणि परीक्षक म्हणून माझं नावही लिहिलं गेलं होतं.

घरी बाबांना सांगितलं. त्यांचा सगळा जन्म सरकारी नोकरीत आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेला, त्यांना नवल वाटलं नाही. "अगं, गेटचं बोललं की कारखानदार दुखावणार. पोस्टरनं कोण दुखावतं?"

"मग मी काय करू?"

"परीक्षण कर. आणि पुढच्या बैठकीत परत तेच सांग."

मी परीक्षण केलं. हेल्मेट घातलेल्या कवट्या, रडणाऱ्या आया, लाल रंगाचे ओघळ. मुलांनी मन लावून काढलं होतं, त्यांच्यावर तरी कसं चिडायचं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अभ्यासातला एक मुलगा सकाळी त्याच चौकात बसवर आदळला. मांडीचं हाड मोडलं. मी इस्पितळात भेटायला गेले तर पडल्या पडल्या तोच म्हणाला, "सॉरी मॅडम, आपकी मशीन टूट गई."

त्याच्या आईनं स्टूल पुढे केलं आणि विचारलं, आप कंपनी से आई हैं? नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. कंपनीतून कुणी फिरकलंच नव्हतं.

तिथून मी तडक कारखान्यात गेले. व्यवस्थापक सभ्य माणूस होता. "गेट ढीला किया तो सब ढीला हो जाएगा," एवढंच तो फिरून फिरून म्हणत राहिला. मी बराच वेळ वाद घातला, आवाजही चढला. शेवटी अभ्यास संपेपर्यंत गेट दहा मिनिटं जास्त उघडं ठेवायला तो कबूल झाला.

आणि सकाळचा वेग उतरला. सगळ्यांचा नाही, पण बहुतेकांचा. पुढच्या बैठकीत मी तेही दाखवलं. "व्हेरी गुड," साहेब म्हणाले, आणि पोस्टरांच्या बक्षीस समारंभाकडे वळले.

अभ्यास संपला, आम्ही यंत्रं काढून घेतली, त्याच आठवड्यात गेट पुन्हा जुन्या वेळेला बंद होऊ लागलं. मी फोन केला. "स्टडी तो खत्म हो गई ना, मॅडम?" व्यवस्थापकाला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

त्या मुलाचं हाड जुळलं, पण चाल लंगडी राहिली. आता तो दुसरीकडे बसून पॅकिंग करतो.

हल्लीच त्याच कार्यालयानं मला नवा प्रकल्प देऊ केला आहे: तरुण चालकांची मानसिकता. प्रस्तावात मी गेटबद्दल एक परिच्छेद लिहिला. विषयाला सोडून आहे, काढून टाका, असा निरोप आला. मी तो काढलेला नाही. मंजुरीही अजून आलेली नाही.