पोशीरचं साहेबाचं घर आणि रघुकाका

जुन्या घरातली जाळी कितीही काढा, महिन्याभरात परत लागतात. किश्श्यांचंही तसंच असतं. पोशीरमधल्या आमच्या कॉटेजात तर नुसता झाडू फिरवला तरी दोन-चार किस्से निघतील. घाटात रेल्वे टाकायला आलेल्या कुणा गोऱ्या साहेबानं ते बांधलं म्हणतात. आता मालक मुंबईत आणि इथं आम्ही तिघं. वीकेंडची बुकिंगं मी बघतो, स्वयंपाक सुनंदाताई, बाकी सगळं रघुकाका. काका मागच्या खोलीत जन्मला, तिथंच म्हातारा झाला. त्याला दुसरं घर नाही. आणि मालकाला हे विकायचंय.

*

साहेबानं दिवाणखान्यात शेकोटी बांधलीय, धुरांड्यासकट. कर्जत तालुक्यात! उन्हाळ्यात इथं कुत्रं सावलीतून हलत नाही. सुनंदाताई त्या शेकोटीत सुकट ठेवते, तिथं मांजर पोचत नाही म्हणून. परवा एका पाहुण्या बाईंनी आत डोकं घातलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "काय तो जुन्या काळाचा वास!"

"हाय ना," ताई म्हणाली. "जेवणात वाढू का?"

*

आर्किटेक्चरची पोरं टेप घेऊन आली होती. एकीनं विचारलं, "काका, भिंती इतक्या जाड का?"

"साहेब घोरायचा गं. गावाला झोप नाय लागायची."

पोरीनं ते लिहून घेतलं. प्रोजेक्टला तिला चांगले मार्क पडले म्हणे.

*

त्या पोरांच्या मॅडमना व्हरांड्याचे सागवानी खांब फार आवडले. म्हणाल्या, "मी मालकांना घेऊन येते, हे खांब दाखवते. घर पाडू देणार नाही." काका हरखला. मॅडम मालकाला घेऊन आल्या तेव्हा सगळे खांब चंदेरी ऑइलपेंटनं चकाकत होते.

मॅडम पायरीवर बसल्याच. "काका, हे काय केलंत?"

"पावणे येनार. खांबांचं वय दिसत व्हतं."

मालक खूश झाला. "बघा, नवं ते नवंच," म्हणाला आणि आठवड्यात बिल्डर गाठला. मला काकाचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. काका दोन दिवस धड जेवला नाही.

*

बिल्डर माघात आला, जेसीबी घेऊनच. काकानं आदल्या दिवशी पेणहून माघी गणपती आणून दिवाणखान्यात बसवला होता. गणपती बसलेल्या घरात आमच्याकडे कुणी साधा खिळा ठोकत नाही. बिल्डर इथलाच, त्यानं मुकाट चपला काढल्या. जेसीबीवालाही उतरून पाया पडला.

"दीड दिवसाचा ना, काका?" बिल्डरनं विचारलं.

"नाय."

"पाच दिवसांचा?"

"नाय रं."

"मग विसर्जन कधी?"

काकानं त्याच्या हातावर मोदक ठेवला. "बाप्पा आजून काय बोलला नाय."

आता आषाढ लागलाय. रोज संध्याकाळी आरती असते. शनिवारी बिल्डर सहकुटुंब येतो. झांजा तोच वाजवतो.