सरकी फोडणारा पंच

वाशीमच्या कापूस बाजारात अडत्याचं आन शेतकऱ्याचं वाजलं की दोघंही एकाच म्हाताऱ्याले पंच म्हणून बोलवत. अडत्याच्या गादीवर तो कधी टेकला नाही. उभ्यानंच दोघांचं ऐके, मंग कापसातली सरकी दाताखाली धरे. कट्‌कन फुटली तर कापूस कोरडा, नुसती चेपली तर ओला.

एकदा मले बाईमाणूस पाहून अडत्या शेटजी म्हणे, "कापूस ओला हाये, गाडी परत ने." माह्या अख्ख्या सालाची मेहनत होती ना बापा त्या गाडीत! मी हटली नाही, तवा शेटजीनंच पंचाले बोलावलं. पंचानं गाडीतल्या पाच जागची सरकी फोडली.

"कोरडा हाये."

शेटजी भडकला, "उद्यापासून तुले कोन बोलावते, पाहतोच!"

"उद्या नका बोलावू, शेटजी. आज तं तुमीच बोलावलं. तोला गाडी."